डावीकडच्या जड पट्ट्या

चौसाळ्याच्या हमरस्त्यावरून कडब्याच्या गाड्या जायला लागल्या की माझं शिवणकामात लक्ष लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घराएवढा कडबा रचलेला असतो. मागच्या गाड्यांना पुढचा रस्ता दिसत नाही आणि ते हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा करतात. एवढ्या धुरातही वाळल्या ज्वारीचा वास माझ्या दुकानात येतोच. गोडसर, धुळकट, घशात खवखवणारा. समोर गिऱ्हाईक बाई उभी असते, तिच्या खांद्याला माझी टेप लागलेली असते आणि मी विचारते, "मागचा गळा किती म्हणालात?" तिनं ते दोनदा सांगून झालेलं असतं. "ताई, ध्यान कुठंय तुमचं?" असं कुणी विचारलंच तर काय सांगणार? ध्यान पाटोद्याजवळच्या आमच्या गावात, एका जुन्या सुगीत असतं.

सुगी म्हटलं की शहरातल्या लोकांना हुरडा आठवतो. आता तर हमरस्त्यावर हुरड्याचे फलक लागतात, खाटा टाकतात, लोक मोटारीतून येऊन शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हुरडा खातात आणि फोटो काढून जातात. खावा बापड्यांनी. पण हुरडा ही सुगीची तोंडओळख झाली. खरी सुगी त्यानंतर, दाणा कडक झाल्यावर. आमच्या डोंगरपट्ट्यात पहाटे इतकं गार असायचं की ज्वारीचं ताट उपटायला हात लावला तर पानांवरचं दव बाहीत शिरून कोपरापर्यंत यायचं. दहाच्या पुढं तेच पान हाताला कापायचं. दुपारी सगळ्यांच्या मानेला, पोटऱ्यांना कूस लागून खाज सुटलेली असायची आणि आई म्हणायची, "खाजवा, पण काम करत खाजवा." आमच्या घरी सगळं काम करत करतच करायचं असे. रडायचं झालं तरी.

त्या वर्षी मी पाचवीत होते का सहावीत, हे आता सांगता येत नाही. एवढं आठवतं की माझ्या फ्रॉकला कोपरापाशी ठिगळ होतं आणि अण्णांच्या डाव्या तळहाताला विळा लागला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. कणसं कापायचं काम चाललेलं. डाव्या हातात कणसांची जुडी, उजव्या हातात विळा, आणि तोंडानं कसलीशी चाल गुणगुणत होते. चालीत असले की त्यांचं हाताकडं लक्ष नसे. आईचं मत असं की विळा लागला तो त्या चालीमुळंच. हळद दाबून फडकं बांधलं तरी रक्त थांबेना, तेव्हा बैलगाडीतून पाटोद्याला नेऊन टाके घातले.

टाक्यांचं कुणाला फार वाटलं नाही. शेतकऱ्याच्या हाताला टाके पडायचेच. पण काढणी उरकून खळी लागली की आमच्या गावात सप्ताह बसतो, आणि गावच्या भजनात पेटी वाजवणारे एकटे अण्णा. पेटी कशी वाजते ते ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. उजवा हात पट्ट्यांवर फिरतो, तो सगळ्यांना दिसतो आणि सगळे त्याचं कौतुक करतात. डावा हात मागं भाता हलवत असतो. पेटीचा सगळा श्वास त्या डाव्या हातात. तो थांबला की उजवा हात कितीही नाचला तरी पेटी मुकी. अण्णांचा नेमका तोच हात फडक्यात गुंडाळलेला होता.

मग मला बसवलं. पेटीच्या पलीकडं, अण्णांच्या समोर, भात्याच्या बाजूला. आधी घरी सराव. मी विहिरीवर पंप मारल्यासारखा भाता मारायची आणि पेटी म्हशीसारखी हंबरायची. "दमानं, माय, दमानं," अण्णा म्हणायचे. "घोट घोट पाणी पितीस का न्हाई, तसं." मग मी खरोखरच तोंडात पाणी धरून घोट घेतल्यासारखं करत भाता ओढायची. हळूहळू जमलं. चाल वर चढणार असली की अण्णांच्या भुवया आधी वर जायच्या. खाली येणार असली की हनुवटी. मला सूर कळत नव्हते, पण अण्णांचा चेहरा पाठ झाला होता. त्या सुगीत मी वडिलांच्या तोंडाकडं जेवढं पाहिलं तेवढं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आपल्याकडं वडिलांच्या तोंडाकडं बघायची सवय कुठं असते?

पहिल्या दिवशी हरिपाठाला आम्ही देवळात गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "पोरीला कावून बसवलं हो गड्यांत?"

अण्णांनी पेटीचं झाकण काढता काढता उत्तर दिलं, "पोरगी न्हाई ती. माझा डावा हात हाय."

म्हातारा हसला, बाकीचेही हसले आणि विषय मिटला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही इतका आनंद झाला होता. सप्ताहभर मी त्यांचा डावा हात होते. दुपारी शेतात खळ्यावर लोक ज्वारी वारवायचे, भुसा उडायचा, आणि मी आपली मनातल्या मनात घोट घोट पाणी पीत असायची. पुढं टाके निघाले, फडकं सुटलं आणि एका संध्याकाळी अण्णांनी पेटी स्वतःकडं ओढून भात्याला हात लावला. मला म्हणाले, "जा, खेळ जा आता." जखम भरली म्हणून घरात सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

हे सगळं यंदा जास्त आठवतं त्याला कारण आहे. गौरी गेल्या आणि चारच दिवसांनी अण्णांना लकवा मारला. सकाळी उठून तांब्या उचलायला गेले तर तांब्या उचलेना, तो डावा हात. पाय थोडा ओढायला लागला, तोंड जरा वाकडं झालं, ते पुढं सरळ झालं. बोलणं वाचलं. बीडच्या दवाखान्यातून सोडल्यावर मी त्यांना आणि आईला माझ्याकडं चौसाळ्याला घेऊन आले. मी एकुलती एक. "लेकीच्या घरी कसं राहायचं," हे पालुपद अण्णांनी आठवडाभर लावलं, मग आमच्या यांनीच एकदा सांगितलं, "मामा, लेकीचं कुठं, दुकानाच्या मागच्या खोलीत राहताय तुम्ही. भाडं म्हणून गाणं म्हणा." तेव्हा कुठं ते पालुपद थांबलं. व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. अण्णांनी तो खिडकीतून बाहेर टाकला. "मी काय लेकरू हाय का?" आईनं तो शोधून आणला, धुतला आणि परत त्यांच्या हातात दिला. असं तीनदा झालं.

दिवाळीत मी गावाहून पेटी आणवली. वाटलं, आता आपलाच नंबर. पलीकडच्या बाजूला बसले, भात्याला हात घातला आणि म्हटलं, "अण्णा, वाजवा. मी हाय."

त्यांनी पट्ट्यांवर हात ठेवलाच नाही. मग म्हणाले, "न्हाई, माय."

"कावून? तवा बसलते की मी."

"तवा तू सुगीपुरती बसलतीस. आता बसलीस तर कायमची बसशील."

मी उठले आणि पेटीला खोळ घालून ती कपाटावर ठेवली. त्यानंतर अण्णा गुणगुणायचेही बंद झाले. आईनं मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "हाताचं मी बघून घेईन गं. पर ह्यांचं हे गप बसणं मला सोसायचं न्हाई." एवढी वर्षं त्या गुणगुणण्यावर करवादणारी माझी आई हे बोलत होती.

युक्ती सुचवली ती माझ्या लेकीनं, मुक्तानं. ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. फोनवर म्हणाली, "आई, पियानो घे आजोबांना. त्याला भाताच नसतो."

मला पियानो माहीत होता तो सिनेमातला. बंगल्यात जिन्याखाली असतो, नायक त्याच्यापुढं बसून दुःख करतो. आमच्या दुकानामागच्या खोलीत तो दारातून तरी जाणार का, एवढंच मी विचारलं. मुक्ता हसली. तो नव्हे, डिजिटल. विजेवर चालतो, फळीएवढा लांब, घडीच्या स्टँडवर ठेवायचा, सूर लावून घ्यायची भानगड नाही. घरी शिकणाऱ्यांसाठी परवडण्यासारखे निघालेत म्हणाली. मग तिनं काय काय बघायचं ते सांगायला सुरुवात केली. पट्ट्या पूर्ण अठ्ठ्याऐंशी हव्यात. पट्ट्या जड हव्यात, खऱ्या पियानोसारख्या, आत हातोडी असल्यासारख्या. जोरात मारली तर मोठा आवाज, हळू मारली तर लहान, असं हवं. कानाला लावायच्या हेडफोनला जागा हवी. लाकडी कपाटाचा, खाली पायानं दाबायच्या तीन पायट्यांचा घेऊ नको, शोभेचे पैसे जातात. शेकडो आवाज देणारा खेळण्यासारखा तर मुळीच नको.

त्यानंतर महिनाभर मी दुपारी काज-बटणं करताना मोबाईलवर पियानोचे व्हिडिओ लावून बसायची. हिंदीत बोलणारी चुणचुणीत पोरं या कंपनीचा घ्या, त्या कंपनीचा नको, असं सांगत असत. प्रत्येकाचं मत वेगळं आणि आवाज सारखाच. आमचे हे म्हणाले, "तू आता पियानोच्या ब्लाउजचं माप घेणार बहुतेक." चेष्टा होती पण खरं होतं. कापड मी कधी चित्र बघून घेतलेलं नाही. अंगठा आणि बोट यांच्यात धरून चुरगळल्याशिवाय मला कापड कळत नाही. पियानोही हात लावल्याशिवाय कळणार नव्हता. पण हात लावायचा तो माझा नव्हता.

म्हणून संक्रांत झाल्यावर आम्ही तिघं भाड्याची गाडी करून संभाजीनगरला गेलो. वाटेत सगळी सुगी रस्त्याच्या कडेला पडलेली. गेवराईच्या अलीकडं उसाच्या गाड्या, पलीकडं कुठं कुठं पिवळी पडलेली ज्वारी. आई काचेतून बघत बघत कुणाचं पीक कसं आहे ते सांगत होती. अण्णा डावा हात उजव्या हातात धरून बसले होते. एकदाच म्हणाले, "लई लांब हाय का दुकान?" ते घाबरलेत हे मला तेव्हा कळलं.

दुकान थंडगार, एसीचं. विकणारा पोरगेला माणूस अदबीनं पुढं आला. "कुणासाठी, काकू? मुलांसाठी का?"

"मला," अण्णा म्हणाले.

त्यांनी दारातच चपला काढल्या. त्यानं "राहू द्या आजोबा" म्हटलं तरी काढल्या, कारण वाद्यापाशी चपला घालून कोण जातं? पियानोपुढं स्टूल होतं त्यावर बसायला ते तयार होईनात. "खुर्चीत बसून देवाचं?" आयुष्यभर मांडी घालून, पेटी जमिनीवर ठेवून वाजवलेला माणूस. आई म्हणाली, "मांडी येती का आता? बसा गुमान." बसले. पट्ट्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली आणि विचारलं, "ह्ये शेवटालं कोण गातंय?"

"म्हणजे, आजोबा?"

"आमच्या पेटीत तीन सप्तकं. माणसाचा गळा तेवढाच. हितं सात हायेत. ह्या टोकाला कुणाचा गळा जातो?"

विकणाऱ्यानं आपला वीज लावायचा खटका दाबला. अण्णांनी काळी चार शोधली. भजनात ते काळी चारवर गायचे, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी त्यांचा सा. तिला बोट लावून ते बोट कपाळाला लावलं. आणि मग दाबली.

तो सूर दुकानभर पसरला. मी अण्णांकडं बघत होते. त्यांचा डावा हात मांडीवर निपचित पडला होता, पण डावा खांदा पुढं-मागं, पुढं-मागं हलायला लागला. ते भाता मारत होते. त्यांच्या ध्यानातही नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला. मी पलीकडच्या गिटारी बघायला लागले, मला त्या गिटारींचं काही म्हणजे काही पडलेलं नव्हतं.

"ह्यो कुठं गेला?" अण्णांनी विचारलं. बोट पट्टीवर तसंच होतं आणि सूर विरत विरत संपला होता. पेटीत असं होत नाही. बोट आहे आणि भाता आहे तोवर सूर हलत नाही जागचा. अण्णांनी परत दाबली. परत तो आला, मोठा झाला आणि गेला. "मरतोय की हा!"

विकणाऱ्यानं घाईघाईनं समजावलं की पियानोचा सूर असाच, वाजतो आणि विरतो. मग त्यानं आणखी एक बटण दाबलं आणि म्हणाला, "आता बघा, हार्मोनियमचा आवाज." आला खरा तसा आवाज, आणि टिकलाही. अण्णांनी एक ओळ वाजवली आणि थांबले. "पेटीचा फोटो हाय ह्यो. काढ." त्यानं काढला. पुढचा बराच वेळ अण्णा एकच काम करत होते. काळी चार दाबायची आणि ती संपेपर्यंत ऐकायचं. नंतर त्यांना युक्ती सापडली. सूर विरायच्या आत परत हलकेच दाबायचा, एकतारीवर बोट मारल्यासारखा. मध्ये चालीचे चार सूर, पुन्हा सा. मला भजनाची चाल ओळखू आली आणि आईलाही. ती पुटपुटली, "वाजवताय तर. मेलं वाजवताय."

खरा प्रश्न पुढंच होता. दोन वाद्यं निवडीत उरली होती. एक हलक्या पट्ट्यांचं, लांबीला कमी, किमतीलाही कमी. दुसरं मुक्तानं सांगितलं तसं, जड पट्ट्यांचं. मी दोन्हींवर बोट दाबून पाहिलं. पहिल्याची पट्टी टाचणीनं दाबली तरी वाजावी. दुसरी बोटाला विरोध करत होती. त्यातून विकणाऱ्यानं सांगितलं की जड वाद्यात सगळ्या पट्ट्या सारख्या जड नसतात. उजवीकडच्या हलक्या आणि डावीकडं जावं तशा आणखी जड, खऱ्या पियानोत तसंच असतं म्हणून. म्हणजे ज्या हातात जोर नाही त्याच्याच वाट्याला सगळ्यात जड पट्ट्या. हे ऐकून माझा विचार पक्का झाला. मुक्ताला काय, ती व्हिडिओ बघून बोलते. हलकंच घ्यायचं.

"अण्णा, ह्याच्यावर डावा हात ठेवून बघा," मी म्हटलं.

त्यांनी उजव्या हातानं डावा उचलला आणि हलक्या वाद्याच्या पट्ट्यांवर ठेवला. ठेवताक्षणी चार-पाच सूर एकदम कोकलले. मला इतका आनंद झाला की मी दुकानात ओरडलेच, "वाजलं की अण्णा!"

"मी न्हाई वाजवलं," अण्णा म्हणाले. "हात पडला म्हणून वाजलं. वीट ठेवली असती तरी वाजलं असतं."

मग त्यांनी तोच हात उचलून जड वाद्यावर ठेवला, अगदी डावीकडं. पट्ट्या जराशा खाली दबल्या. आवाज काही आला नाही. विकणारा म्हणाला, "नुसतं टेकवून वाजत नाही यात, आजोबा. मारावी लागते." अण्णा त्या न वाजलेल्या पट्ट्यांकडं बघत राहिले. कपाळावर आठी होती. रागाची म्हणावी तर नव्हे, शेतात एखाद्या हट्टी ढेकळाकडं बघताना असायची तशी.

"ह्यो घे," ते म्हणाले.

मी त्यांना बाजूला नेऊन समजावलं. विकणाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होते आणि तरी आवाज चढत होता. हलकं घेतलं तर आजपासून दोन्ही हात चालतील. जड घेतलं तर डावी बाजू अशीच पडून राहील. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शकू, ह्यो हात वाजायला लागला तर मला कळाया पायजे का न्हाई? त्या हलक्यावर कसं कळंल?"

"आणि न्हाई लागला तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आई पुढं झाली. मला वाटलं आता माझी बाजू घेईल. ती विकणाऱ्याकडं वळून म्हणाली, "जड बांधून द्या. संगं उशीबिशी द्या बसायला."

परतीच्या वाटेवर गाडीच्या टपावर तो लांबलचक खोका बांधलेला, आणि मला सारखी भीती वाटत होती. रस्त्यातल्या खड्ड्यांची नव्हे. अण्णांनी आपल्या हातानं आपली परीक्षा घरात आणली होती, आणि तिच्यात ते नापास झाले तर मी काय करणार होते? पेटी कपाटावर ठेवता येते. हा पियानो कुठं ठेवणार?

मागच्या खोलीत स्टँड उभा राहिला. शेजारच्या बाया बघायला आल्या. एकीनं विचारलं, "कॉम्प्युटर हाय का?" दुसरीनं सांगितलं, "न्हाई गं, इस्त्रीचा टेबल हाय." आईनं डाव्या अर्ध्या भागावर टॉवेल टाकला, धूळ बसू नये म्हणून. अण्णांनी तो ओढून काढला. "झाकू नको. दिसू दे मला." रोज सकाळी अंघोळ झाली की उजव्या हातानं भजनाच्या चाली सुरू होत. दुकानात कात्री चालवताना मला त्या ऐकू येत. एक गुडघा दुखणारी गिऱ्हाईक बाई तर मुद्दाम त्याच वेळी यायला लागली, माप नसलं तरी. मुक्तानं हेडफोन पाठवून दिले होते. ते बघून अण्णा म्हणाले, "देवाचं कानात घालून कोण म्हणतं?"

पण दुपारी ते कानाला लावायचे. आमच्याकडं पाठ करून बसायचे. हेडफोन लावले की बाहेर सूर येत नाही, पट्ट्यांची नुसती ठकठक येते. मी शिलाई करता करता ती ठकठक ऐकायची. आधी उजव्या बाजूची, पटपट. मग ती थांबायची. म्हणजे आता त्यांनी डावा हात उचलून डावीकडं ठेवला असणार. मी मशिनीच्या पायट्यावरचा पाय काढून घ्यायची आणि कान द्यायची. काही नाही. बराच वेळ काही नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आई त्यांना चहा नेऊन द्यायची आणि कसं झालं ते विचारायची नाही. एवढी बोलकी बाई, पण हे तिनं कधी विचारलं नाही.

ज्वारी हुरड्यातून कडक झाली. गावाकडं वाटेकऱ्यानं काढणी सुरू केली, दोन पोती नवी ज्वारी आमच्याकडं पोचती केली. व्यायामाच्या बाई येऊन गेल्या, बोटं थोडी सैल झालीत म्हणाल्या. त्या दर वेळी तसंच म्हणतात. अण्णांचा चेंडू आता खिडकीबाहेर जात नव्हता, एवढा फरक मलाही दिसत होता. बाकी दुपारी तीच ठकठक, तीच शांतता. मला कधी कधी अण्णांचा राग यायचा. हलकं घेतलं असतं तर निदान आवाज तरी आला असता घरात, असं वाटायचं. आपल्या माणसाला रोज हरताना ऐकणं सोपं नसतं आणि ते शिवणयंत्राच्या आवाजात दडवून ठेवणं तर आणखी अवघड.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचं ऊन आता चटका देतं, पंखा लागतो. मी मशिनीवर परकराची शिलाई घालत होते. आई मागच्या दारात सुपानं नवी ज्वारी पाखडत होती. रस्त्यावर एक कडब्याची गाडी अडकली होती आणि हॉर्न चालले होते. तेवढ्यात अण्णांनी हाक मारली, "शकू, मशिन थांबव."

मी मागं गेले. हेडफोन त्यांनी काढून खुर्चीच्या पाठीला अडकवले होते. वायर पियानोतून ओढून काढलेली.

"पंखा बंद कर."

पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत ते बसून राहिले. डावा हात पट्ट्यांवर होता, सगळ्यात डावीकडच्या. उजवा हात त्यांनी मुद्दाम पाठीमागं नेला, मला दिसावा म्हणून. मग त्यांचा जबडा आवळला. मानेवरची शीर फुगली. खांदा हलला नाही, दंड हलला नाही. एकच बोट, मधलं, थरथरत वर आलं. इतकं थोडं वर आलं की मी वाकून बघत नसते तर दिसलंच नसतं. आणि खाली पडलं.

मला काही ऐकू आलं नाही. बाहेर हॉर्न चालला होता.

मी पुढं होऊन आवाज मोठा करायच्या बटणाला हात घातला. अण्णा ओरडले, "त्याला हात लावू नको!" मी हात मागं घेतला. "जेवढा हाय तेवढाच ऐक."

हॉर्न थांबला. त्यांनी दम घेतला. कपाळावर घाम आला होता तो बाहीनं पुसला आणि उजवा हात परत पाठीमागं नेला. ते बोट पुन्हा वर आलं. या वेळी मी बोटाकडं बघितलं नाही, अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिले. आणि खाली, खूप खालून, जमिनीतून यावा तसा एक जाड, कापरा, जेमतेम सूर आला. खोलीच्या मध्यापर्यंतसुद्धा पोचला नसेल. संपला.

मागच्या दारात सूप थांबलं होतं.

"कशाचा आवाज आला वं?" आईनं विचारलं.

"माझा," अण्णा म्हणाले.